जिभेचा काटा पोचत नाही तिथे

‘मांजर स्वतःला चाटून साफ ठेवतं, त्याला फणी कशाला?’ घरात नवं पर्शियन पिल्लू आलं की हा प्रश्न हमखास निघतो. काही महिन्यांत त्याच्या कानामागे, काखेत चिंचोक्याएवढ्या घट्ट जटा हाताला लागतात.

उत्तर मांजराच्या जिभेत आहे. ती खरखरीत लागते, कारण तिच्यावर घशाकडे वळलेले जवळपास 290 काटे असतात, नखं ज्या केराटिनची बनतात त्याचेच. हे काटे भरीव आहेत अशी समजूत होती. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी त्यांचं सूक्ष्म सीटी स्कॅन केलं आणि 2018 मध्ये निष्कर्ष मांडला: प्रत्येक काट्याच्या टोकाशी पन्हळीसारखी पोकळी असते. तोंडातली लाळ तिच्यात आपोआप चढते. शाळेत शिकलेलं केशाकर्षण ते हेच! काटा केसांत घुसला की लाळ पोकळीतून केसांवर ओढली जाते. सपाट जिभेने फक्त वरचे केस ओले झाले असते. काटा लाळ थेट मुळाशी नेऊन सोडतो. तिथे मळ सुटतो, आणि लाळ वाळताना अंगही गार होतं. मला तर ही रचना कितीही वेळा वाचली तरी थक्क करते.

काटा असतो जेमतेम दोन-सव्वादोन मिलिमीटर. चाटताना केस दबतात, म्हणून तो सिंहाच्याही कातडीपर्यंत पोचतो. पर्शियनचे केस मात्र दाबूनही काट्याच्या लांबीपेक्षा जाड थर धरतात. दोष मांजराचा नाही. ‘केसा, आता वाढ थांबव’ असा निरोप देणारं एफजीएफ-5 हे जनुक लांबकेस्या मांजरांत बिघडलेलं असतं, आणि ते आपण माणसांनी हौसेने निवडून जपलंय.

मग गळलेली मऊ लव आतच अडकते. केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे खवले असतात, ते एकमेकांत रुततात आणि लोकरीचा नमदा होतो तशी जट बनते. पाण्याने ती आणखी आवळते. म्हणून आधी फणी, मग आंघोळ.

‘मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो’ हे अजूनही ऐकवलं जातं. तसं काही नसतं. ॲलर्जी होते ती मुख्यतः लाळेतल्या आणि त्वचेतल्या एका प्रथिनाची.

फणी रोज, रुंद दातांची, थर बाजूला करत कातडीपर्यंत. जट बोटांनी हळूहळू सोडवा. कात्री नकोच: जटेबरोबर कातडीही वर ओढली जाते, आणि मांजराची कातडी फार पातळ असते.