पार्श्वभूमी : गोव्यातल्या कॉलेजच्या सभागृहातला सिनेमा आणि ‘प्रेक्षक कोण’ हा वाद

वेगळे चित्रपट एकत्र बघणाऱ्या मंडळांची, म्हणजे फिल्म सोसायट्यांची, चळवळ देशात 1947पासून मूळ धरत होती. 1960मध्ये पुण्यात चित्रपट प्रशिक्षण संस्था उभी राहिली, 1964मध्ये चित्रपटांचं संग्रहालय. गोव्याचं स्वतःचं विद्यापीठ मात्र 1985चं. सोसायट्यांचे खेळ तेव्हा बहुधा 16 मिमी रुंदीच्या फिल्मवर व्हायचे : 1600 फुटांचं रीळ 44 मिनिटांत संपे, प्रोजेक्टर एकच असला तर दिवे लावून दुसरं चढवायचं.

गोव्यातलं चित्र पालटलं ते 2004मध्ये, इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत मुक्कामाला आला तेव्हा. पास गळ्यात अडकवून रांगेत उभी राहणारी कॉलेजची मुलं दर नोव्हेंबरात दिसू लागली. पुढे ताळगाव पठारावर, म्हणजे गोवा विद्यापीठात, पाहुण्या प्राध्यापकांचे काही अभ्यासक्रम बाहेरच्या नागरिकांनाही खुले झाले. 2023-24पासून पदवीला नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि 3 क्रेडिटांचे, म्हणजे 45 तासांचे, विषय आले. चित्रपटाशी जोडलेल्या अशा विषयात 2-2 तासांचे 8 चित्रपट दाखवले की 16 तास नुसते बघण्यात जातात. शिवाय तासाभराच्या लेक्चरमध्ये चित्रपट मावत नाही. दोन लेक्चरं जोडावी लागतात, किंवा खेळ कॉलेज सुटल्यावर ठेवावा लागतो. मग काणकोण-पेडण्यासारख्या लांबच्या तालुक्यांतली मुलं बसच्या वेळेला अर्ध्यातून उठतात.

वाद मात्र वेळापत्रकाचा नाही, खुर्च्यांवर कोण बसतं याचा आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 शैक्षणिक संस्थेच्या कामकाजात चित्रपट दाखवायला सूट देतं. अट अशी की प्रेक्षक म्हणजे विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी थेट संबंध असलेले लोक. ‘तिकीट नाही ना, मग चालतं’ हा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. फुकट प्रयोगाची सवलत त्याच कलमात आहे खरी, पण ती हौशी मंडळांच्या साहित्य, नाट्य आणि संगीताच्या प्रयोगांपुरती. चित्रपटाचा त्यात उल्लेख नाही. शैक्षणिक सवलतीत पैशापेक्षा प्रेक्षक महत्त्वाचा. खुल्या अभ्यासक्रमाला रीतसर नाव नोंदवलेला निवृत्त बँक कर्मचारी विद्यार्थी ठरावा, हे पटण्यासारखं आहे. शेजारच्या कॉलेजची मुलं? इथे मतं फाटतात. माजी विद्यार्थी ‘थेट संबंध’ असलेले ठरवणं ओढूनताणूनच. आणि ‘सर्वांना मुक्त प्रवेश’ असं पोस्टर फाटकावर लागलं, की या शैक्षणिक सवलतीचा आधार उरत नाही.

ओटीटीने गुंता वाढवला. कायद्याची सूट असली तरी घरगुती वर्गणीच्या अटी वेगळ्या असतात, आणि त्यांत सार्वजनिक खेळाला सहसा मनाई असते. त्यात तांत्रिक फजिती : लॅपटॉपवर चित्र दिसतं, प्रोजेक्टरवर फक्त आवाज आणि काळा पडदा. मधल्या केबल-स्प्लिटरला कॉपीरोधक संकेत कळत नाही, म्हणून असं होतं. जुना चौकोनी चित्रपट प्रोजेक्टरच्या रुंद सेटिंगमध्ये ताणला जाऊन माणसं बुटकी दिसतात, ते निराळंच. खेळाआधी 10 मिनिटं तपासलं तर टळतं.

म्हणून काही ठिकाणी दिग्दर्शकाकडून थेट फाइल मागवतात. कोंकणी-मराठी लघुपटांना हे सोपं जातं. हक्क निर्मात्याकडे असतील तर परवानगीही त्याचीच लागते. पत्रात तारीख, सभागृह, खेळांची संख्या आणि बाहेरचे प्रेक्षक चालतील का, या 4 गोष्टी लेखी घ्याव्यात. चौथीच बहुतेक पत्रांत राहून जाते.