मांजरांमधील जुनाट हिरडी-मुखदाह

मांजराच्या हिरड्या आणि तोंडातील श्लेष्मल अस्तर यांना होणारा तीव्र, वेदनादायक व चिवट दाह. साध्या हिरडीदाहात लाली दातांच्या कडेपुरती राहते. या रोगात ती हिरडी ओलांडून गालांच्या आत आणि विशेषतः जबड्याच्या मागच्या कोपऱ्यांत, घशाच्या अलीकडे दोन्ही बाजूंना पसरते. तिथले अस्तर लालभडक व फुगीर होते, त्यावर व्रण पडतात आणि नुसत्या स्पर्शानेही रक्त येते.

मांजर दुखणे लपवते, म्हणून रोग उशिरा कळतो. भूक मेलेली नसते: मांजर खाण्यापाशी येते, हुंगते, घास घेते आणि कळ येताच ओरडून मागे सरते. लाळ गळते, तोंडाला घाण वास येतो, वजन घटते. अंग चाटणे थांबल्याने केस गुंततात. पुष्कळदा घरच्यांना आधी हेच दिसते. असे मांजर तरुणही असू शकते, त्यामुळे ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये.

नेमके कारण पूर्ण उलगडलेले नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा तोंडात अतिरेकी प्रतिसाद देते; सुजलेल्या ऊतीत लसीका पेशी आणि प्लाझ्मा पेशी या प्रतिकारयंत्रणेच्या पेशींची दाटी आढळते. मांजरांना सर्दीसारखा आजार करणाऱ्या कॅलिसी विषाणूशी या रोगाचा निकटचा संबंध दिसतो. अनेक मांजरे एकत्र राहतात त्या घरांत तो अधिक आढळतो.

निदानासाठी भूल देऊन तोंडाची तपासणी व दातांचे एक्स-रे करतात. एकाच बाजूला गाठ किंवा व्रण असल्यास कर्करोगाची शंका घेऊन ऊतीचा तुकडा तपासणे आवश्यक ठरते.

उपचाराचा कणा म्हणजे दात काढणे: किमान सर्व दाढा-उपदाढा, कधी सगळेच्या सगळे. ऐकायला हे क्रूर वाटते, पण दातांवर साचणारा जिवाणूंचा थर दाहाला सतत खतपाणी घालतो. सुमारे दोन-तृतीयांश मांजरांना यातून पूर्ण किंवा बराच आराम पडतो. मात्र त्याला काही आठवडे, कधी महिने लागतात. मुळाचा तुकडा आत राहिला तर दाह टिकू शकतो, म्हणून शेवटी पुन्हा एक्स-रे काढतात. उरलेल्यांना प्रतिकारयंत्रणेवर काम करणारी सायक्लोस्पोरिन, इंटरफेरॉन किंवा प्रेडनिसोलोन (एक स्टेरॉइड) ही औषधे देतात. स्टेरॉइड दीर्घकाळ दिल्यास मधुमेहाचा धोका असतो. प्रतिजैविकांचा गुण तात्पुरता. वेदनाशामक पशुवैद्यानेच ठरवावे; माणसांचे पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेऊ शकते.

तोंड बरे झाल्यावर बिनदातांचे मांजर मऊ अन्न सहज खाते, कित्येकदा कोरडे दाणेही.