आतड्यातले जंतू आणि क्रोन्स-कोलायटिस: संशय जुनाच आहे

मिरजेत आतड्याच्या जुनाट दुखण्याचा पेशंट गेला की डॉक्टरांपुढं पहिला प्रश्न अजून तोच असतो, टीबी आहे का क्रोन्स (आतडं सुजून जखमा होणारा जुनाट आजार)? मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी 1894 ला इथं हॉस्पिटल काढलं, पुढं वानलेसवाडीला टीबीचं सॅनेटोरियम झालं, म्हणजे टीबी काय आमच्या भागाला नवा नाही, पण आतड्यात हे दोन्ही आजार स्कोपीत (दुर्बिणीनं आत बघतात त्यात) सारखेच दिसतात, बायोप्सीतही कधीकधी कळत नाही, मग आधी टीबीच्या गोळ्या देऊन बघतात.

घोळ शंभर वर्षांपूर्वीचा आहे. 1913 ला ग्लासगोचा सर्जन डाल्झिएलनं अशाच केसेस लिहून ठेवल्या, टीबीसारखं दिसतंय पण टीबीचा जंतू काय सापडत नाही, आणि हे गुरांच्या जोन्स रोगासारखं वाटतंय असंही तो म्हणाला (म्हणजे जनावर चारा खातंय पण हगवण थांबत नाही न वाळत जातं, तो रोग). नाव मात्र मिळालं क्रोनला, 1932 च्या पेपरमुळं. गुरांचा तो जंतू 1984 ला क्रोन्सच्या पेशंटमध्येही सापडला पण सगळ्यांत नाही, आणि वाद अजून चालूच आहे.

मधल्या काळात कोलायटिस (क्रोन्ससारखाच, पण मोठ्या आतड्याच्या जुनाट सुजेचा आजार) टेन्शनचा, मनाचा आजार म्हणून खपवला गेला. आधीच रक्ताची आव, वर स्वभावावर खापर, मला तर हे सगळ्यात वाईट वाटतं.

खरं वळण 1990 नंतर. बेल्जियममधल्या डॉक्टरांनी 1991 ला दाखवलं की क्रोन्सच्या ऑपरेशननंतर मल बाहेरच्या बाहेर पिशवीत काढला तर पुढचं आतडं साफ राहतं, परत जोडलं की आजार परत. मग 1993 ला आयएल-10 (सूज आवरणारं शरीरातलं प्रथिन) नसलेले उंदीर आले, त्यांना कोलायटिस व्हायचा, पण तेच उंदीर पूर्ण जंतूमुक्त ठेवले तर काहीच होत नाही! म्हणजे चोर एकच शोधत बसलेलो तो प्रश्नच चुकीचा असावा, रोजचेच जंतू असतात पण शरीर त्यांना सहन करणं सोडतं. 2001 ला सापडलेला क्रोन्सशी जोडलेला नॉड2 जीनही जंतूंच्या भिंतीचा तुकडा ओळखणाराच निघाला, आणि 2008 ला फ्रेंच टीमनं दाखवलं की सूज आवरणारा फीकॅलिबॅक्टेरियम नावाचा जंतू क्रोन्समध्ये कमी झालेला असतो.

मग उपाय म्हणून निरोगी माणसाच्या मलातून पेशंटला जंतू द्यायचे (नाक मुरडू नका). कोलायटिसवर 2015 ला दोन ट्रायल आल्या, कॅनडात 24 टक्के पेशंट बरे पडले, नुसतं पाणी दिलेल्यांत 5 टक्के, नेदरलँड्सच्या ट्रायलमध्ये मात्र धड फरकच दिसला नाही.