गोव्याच्या उकाड्यात बिअर आणि मीड

माडाच्या पोयीखाली, म्हणजे फुलोऱ्याखाली, बांधलेल्या मडक्यात रस थेंबाथेंबाने साठतो, आणि रेंदेर, म्हणजे माडावर चढून रस काढणारा, तो उतरवून खाली आणीपर्यंत त्याला फेस आलेला असतो. या सुरेत, म्हणजे माडीत, यीस्ट कोणी घातलेले नसते. ते मडक्याच्या आतल्या बाजूला, कापलेल्या पोयीवर आणि कीटकांच्या पायांवर आधीपासूनच असते. पूर्वी पोदेर, म्हणजे पाववाले, पावाचे पीठ फुगवण्यासाठी हीच सूर वापरत असत. म्हणून घरी बिअर किंवा मीड, म्हणजे मध आंबवून केलेले मद्य, करू पाहणाऱ्या गोवेकराने एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. आपल्याकडे आंबण्याची क्रिया सुरू होण्याची चिंता नसते. ती हव्या त्या सूक्ष्मजीवाकडून आणि हव्या त्या वेगाने घडवून आणणे हेच खरे काम असते. या विषयावरील बहुतेक सूचना थंड देशांतील तळघर गृहीत धरून लिहिलेल्या आहेत, आणि त्या जशाच्या तशा पाळणाऱ्याची येथे फसगत होते.

मूळ क्रिया साधी आहे. यीस्ट १८० ग्रॅम ग्लुकोजपासून सुमारे ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बनवते, म्हणजे साखरेचे जवळजवळ निम्मे वजन वायूच्या रूपाने निघून जाते. हे काम जिवंत पेशींचे आहे, असे लुई पाश्चर यांनी प्रतिपादन केले होते. पुढे १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट चिरडून काढलेल्या, एकही जिवंत पेशी नसलेल्या रसानेही साखर आंबते हे दाखवले, आणि त्यासाठी त्यांना १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पेशीतील विकरे (एन्झाइम्स) हे काम करतात, आणि ते करताना उष्णताही बाहेर पडते. ऐन भरात आलेल्या भांड्यातील मिश्रण त्यामुळे खोलीपेक्षा काही अंशांनी अधिक तापलेले असते.

नवशिक्याने मीडपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. त्यात शिजवण्याचा खटाटोप नाही. मधात सुमारे ८० टक्के साखर असते आणि ती इतकी दाट असते की तिच्यात पडलेल्या बहुतेक सूक्ष्मजीवांच्या पेशींतील पाणी शोषले जाऊन त्या निकामी होतात. मध टिकतो तो प्रामुख्याने यामुळेच. सातेरी मधमाश्यांच्या मधात मात्र पाण्याचे प्रमाण बरेचदा जास्त असते, आणि असा मध पावसाळ्यात बरणीतच आंबू लागतो. मीडसाठी आपण हेच मुद्दाम करतो. १.२ किलो मध पाण्यात विरघळवून एकूण ४ लिटर मिश्रण केले, तर हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजणारे उपकरण, १.०९० च्या आसपास घनता दाखवतो. साखर संपून ती १.००० पर्यंत उतरली की दोन आकड्यांतील फरकाला १३१ ने गुणावे. येणारे उत्तर, येथे सुमारे १२, हे अल्कोहोलचे टक्के होत. मधात साखर भरपूर असली तरी नायट्रोजन फार कमी असतो. उपाशी यीस्ट मंदावते आणि सडक्या अंड्यासारखा वास सोडते, म्हणून यीस्टचे खाद्य पहिल्या तीन-चार दिवसांत थोडे थोडे घालतात. (इंग्रजीतले ‘मीड’ आणि आपले ‘मधु’ एकाच मुळाचे शब्द आहेत.)

बिअरचे गणित वेगळे आहे, कारण धान्यात साखर नसून पिष्ट असते. जव भिजवून, मोड आणून वाळवले की माल्ट तयार होते, आणि त्यात पिष्ट तोडणारी विकरे जागी झालेली असतात. भरडलेले माल्ट ६५ ते ६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले की ती पिष्टाची साखर करतात. पाणी फार तापले तर विकरेच मरतात. गाळलेला गोड रस हॉप्ससह, म्हणजे एका वेलीच्या कडवट फुलांसह, तासभर उकळल्यावर कडवटपणा येतो. नंतर तो त्वरेने थंड करायचा असतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत फोंड्यात नळाचेच पाणी कोमट येत असल्यामुळे येथे बर्फाला पर्याय नाही.

बिअरचे नेहमीचे यीस्ट १८ ते २२ अंशांत उत्तम काम करते. ३० अंशांवर ते घाईने साखर संपवते, आणि या घाईत पिकलेल्या केळ्याचा वास देणारे एस्टर व घशाला झोंबणारी जड अल्कोहोले अधिक प्रमाणात बनतात. भांडे पाण्याच्या टबात ठेवून त्यावर ओले फडके गुंडाळण्याचा उपाय जानेवारीत चांगला चालतो. पावसाळ्यात हवाच ओलीचिंब असल्यामुळे बाष्पीभवन होत नाही आणि फडके नुसतेच कुजते. जुना फ्रिज आणि तापमान-नियंत्रक हा पक्का मार्ग आहे. तो नसल्यास नॉर्वेतील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले ‘क्वाइक’ यीस्ट वापरावे. ते ३५ अंशांच्या उष्णतेतही स्वच्छ चवीची बिअर देते.

उकळल्यानंतर मिश्रणाला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक असली पाहिजे. भांड्याला वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी नळी बसवावी, कारण हवा मिळाली की ॲसिटोबॅक्टर जीवाणू अल्कोहोलचे व्हिनेगर करतात. सुरेचे व्हिनेगर आपल्या स्वयंपाकघरात हवेच असते. मीडचे झालेले मात्र कोणाला आवडत नाही.

गोव्यात मद्यनिर्मिती १९६४ च्या अबकारी कायद्याखाली येते, म्हणून सुरुवातीपूर्वी अबकारी खात्याकडे परवान्याची चौकशी करावी. फेणीप्रमाणे घरी ऊर्ध्वपातन, म्हणजे मद्य उकळून त्याची वाफ थंड करून गोळा, करण्याच्या फंदात तर मुळीच पडू नये. ज्वालाग्राही वाफ आणि उघडी चूल यांचे जमत नाही.

बाटल्या भरण्याची घाई सर्वांत महाग पडते. हायड्रोमीटरचा आकडा लागोपाठ तीन दिवस हलला नाही, तरच बिअर बाटलीत भरावी आणि फेसासाठी लिटरमागे ६ ग्रॅमच्या आसपास साखर घालावी. साखर शिल्लक असताना भरलेली काचेची बाटली उन्हाळ्याच्या दिवसांत फुटू शकते. म्हणून जाणते लोक बाटल्या झाकणाच्या खोक्यात ठेवतात आणि त्यांच्याबरोबर सोड्याची एक प्लास्टिकची बाटलीही भरतात. ती बोटांनी दाबून दगडासारखी कडक लागली, की सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये हलवतात.