बदली कीबोर्डवर तुमचा कीमॅप: जुने फर्मवेअर नव्या बोर्डवर नेण्याची माहिती

दोन भागांचा एर्गोनॉमिक मेकॅनिकल कीबोर्ड बदलून आला, की बहुतेक जण जुनी फर्मवेअर फाइल (कीबोर्डच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) शोधतात आणि ती थेट नव्या बोर्डवर टाकायला जातात. तसे करू नका. ती फाइल एका ठरावीक कंट्रोलरसाठी (कीबोर्ड चालवणाऱ्या चिपसाठी) आणि बोर्डाच्या एका ठरावीक आवृत्तीसाठी तयार झालेली असते. दोन्ही अगदी तेच असतील तरच ती चालते. एरवी फाइल चढतच नाही, किंवा चढते आणि निम्मी बटणे भलतीच अक्षरे देतात. न्यायचा असतो तो कीमॅप, म्हणजे कोणते बटण कोणत्या लेयरवर (बटणांच्या अर्थांच्या थरावर) काय करते याची मूळ नोंद. नव्या बोर्डसाठीची फाइल त्या नोंदीवरून नव्याने तयार करावी लागते.

या पत्रकात फाइलींची आणि सेटिंगची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीतच टाइप करावी लागतात.

जुना बोर्ड परत पाठवण्याआधी

सगळ्यात जास्त नुकसान इथे होते, म्हणून आधी हे वाचा. तुमचा कीमॅप नेमका कुठे आहे हे आधी ठरवा, कारण तो तीनपैकी एका ठिकाणी असतो.

तुम्ही बटणे व्हाया या ॲपमधून बदलत असाल, तर ते बदल फक्त कीबोर्डच्या आतल्या ईईपीरॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) असतात, संगणकावर त्यांची प्रत नसते. बोर्ड परत गेला की तेही गेले. व्हायामध्ये सेव्ह अँड लोड या भागात जाऊन लेआउट सेव्ह करा. व्हायल या तशाच दुसऱ्या ॲपमध्ये फाइल मेनूतून सेव्ह केल्यावर व्हीआयएल फाइल मिळते, तिच्यात मॅक्रो, टॅप डान्स (एकाच बटणाला किती वेळा टेकवले त्यानुसार वेगळे काम) आणि कॉम्बोही (अनेक बटणे एकत्र दाबून होणारे काम) येतात. एक अडचण आधीच सांगतो: व्हायाची सेव्ह केलेली फाइल वेगळ्या मॉडेलच्या कीबोर्डवर लोड होत नाही, कारण व्हाया बोर्डाचा व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक तपासते. म्हणून प्रत्येक लेयरचा स्क्रीनशॉटही घ्या. दिव्यांचे रंग आणि इफेक्ट वेगळे लिहून ठेवा.

तुम्ही क्यूएमके हे खुले फर्मवेअर स्वतः कंपाइल करत (मूळ नोंदीवरून चढवायची फाइल तयार करत) असाल, तर तुमच्या कीमॅपचा अख्खा फोल्डर जपा. कीमॅप.सी एकटी पुरत नाही. टॅपिंगचा वेळ (बटण नुसते टेकवले की दाबून धरले हे ठरवणारी मर्यादा) कॉन्फिग.एच मध्ये असतो आणि कोणती वैशिष्ट्ये चालू आहेत ते रूल्स.एमके मध्ये. ऑनलाइन कॉन्फिगरेटर वापरला असेल, तर तिथली जेसन फाइल उतरवून घ्या. झेडएमके (बहुधा वायरलेस बोर्डांवरचे फर्मवेअर) असेल, तर कॉन्फिगची रिपॉझिटरी (फाइलींचा साठा) तुमच्या गिटहब खात्यात आहे ना, एवढे पाहा.

मूळ फाइली हरवल्या असतील आणि हातात फक्त तयार फर्मवेअरची हेक्स किंवा यूएफटू फाइल उरली असेल, तर तिच्यातून वाचता येण्याजोगा कीमॅप परत काढण्याचा व्यवहार्य मार्ग नाही. अशा वेळी जुना बोर्ड चालत असेल, तर बटण तपासणीच्या एखाद्या पानावर एकेक लेयर दाबून कागदावर उतरवून घेणे जास्त लवकर होते.

नवा बोर्ड ओळखा

नवा बोर्ड उलटा करून दोन गोष्टी वाचा: सर्किट बोर्डावर छापलेला आवृत्ती क्रमांक आणि कंट्रोलरच्या चिपवरचे नाव. डब्यावरच्या नावावर भरवसा ठेवू नका. एकाच नावाचा कीबोर्ड वेगवेगळ्या आवृत्त्यांत वेगवेगळ्या पिनांवर जोडलेला असू शकतो. कॉर्न या कीबोर्डचेच पाहा. पहिल्या आवृत्त्यांत प्रो मायक्रो हा छोटा कंट्रोलर वेगळा बसवावा लागतो, तर चौथ्या आवृत्तीत आरपी २०४० चिप बोर्डावरच असते. क्यूएमकेमध्ये दोघांचे फोल्डरही वेगळे आहेत.

प्रो मायक्रोवर एटीमेगा ३२यू४ ही चिप असते. तिची फ्लॅश मेमरी ३२ केबी, त्यातले ४ केबी बूटलोडर (नवी फाइल चढवून घेणारा छोटा प्रोग्रॅम) खातो, म्हणून फर्मवेअरला २८,६७२ बाइट उरतात. दिवे, ओएलईडी (छोटा पडदा) आणि व्हाया एकत्र चालू केले, की ही जागा लगेच संपते आणि फाइल फार मोठी झाल्याचा संदेश येतो. आरपी २०४० वर ही तंगी नसते. त्यामुळे जागा वाचवण्यासाठी तुम्ही जे जे बंद केले होते ते नव्या बोर्डवर परत चालू करता येते. फाइल लहान करणारी एलटीओची ओळही मग लागत नाही. वायरलेस बोर्डवर बहुधा एनआरएफ ५२८४० असते. तिथे क्यूएमके नव्हे, झेडएमके चालते.

जुन्या बोर्डवर प्रो मायक्रो होता आणि नव्यावर त्याच आकाराचा आरपी २०४० कंट्रोलर बसवलेला आहे, तर रूल्स.एमके मध्ये कन्व्हर्ट टू ही एक ओळ घालून पिनांची जुळणी क्यूएमके स्वतः करते. त्या ओळीत कोणते नाव लिहायचे ते क्यूएमकेच्या माहितीत कन्व्हर्टर्स या पानावर कंट्रोलरनिहाय दिलेले आहे. नाव अंदाजाने घालू नका, पिना सरकतात.

क्यूएमके: कीमॅप बसवणे

१. नव्या बोर्डाच्या फोल्डरात कीमॅप्सखाली तुमच्या नावाचा फोल्डर करा. त्यात आधी डीफॉल्ट कीमॅपची प्रत ठेवा आणि काहीही न बदलता ती कंपाइल करा. ती झाली नाही, तर अडचण तुमच्या कीमॅपची नाही, क्यूएमकेच्या मांडणीची आहे. हे आधी कळलेले बरे.

२. ही कोरी फाइल दोन्ही भागांवर चढवा आणि प्रत्येक बटण दाबून पाहा. तुमचा कीमॅप टाकण्याआधी हार्डवेअर धड आहे की नाही, हे इथेच ठरते.

३. आता लेयर एकेक करून आणा. लेआउट मॅक्रोचे (कीमॅपमधल्या बटणांच्या यादीआधी येणारे) नाव नव्या बोर्डाचे ठेवा, जुने नको. ४२ बटणांवरून ३६ वर किंवा ५८ वर जात असाल, तर मॅक्रोला जितकी बटणे लागतात तितकीच द्या. एक कमी-जास्त झाले तरी कंपाइलर अडतो. वाढीव जागी सध्या ट्रान्सपरंट घाला, म्हणजे खालच्या लेयरचे बटण चालत राहते.

४. बटणांचा क्रम तपासा. बहुतेक बोर्डांत एक ओळ डावीकडून सुरू होऊन उजव्या भागात संपते आणि मग पुढची ओळ येते. एर्गोडॉक्सच्या जुन्या लेआउटमध्ये मात्र आधी डावा हात पूर्ण, मग उजवा. तिथला कीमॅप जसाच्या तसा चिकटवला, तर संख्या जुळते, कंपाइलर गप्प बसतो आणि अक्षरे विखुरतात. हा दोष शोधायला सगळ्यात त्रासदायक, म्हणून एर्गोडॉक्सवाल्यांनी प्रीटी नावाचा लेआउट वापरावा, त्यात ओळी डोळ्यांना दिसतात तशाच असतात.

५. जुनी फाइल काही वर्षांपूर्वीची असेल, तर काही कीकोडची (बटणाच्या कामाच्या संकेतांची) नावे बदललेली सापडतील. रीसेट आता क्यूके बूट झाला आहे. होम रोवर, म्हणजे बोटे टेकतात त्या मधल्या ओळीवर, मॉड टॅप (टेकवले तर अक्षर, धरले तर शिफ्ट किंवा कंट्रोल) वापरणाऱ्यांनी इग्नोर मॉड टॅप इंटरप्ट ही ओळ काढून टाकावी. २०२३ पासून तेच मूळ वर्तन आहे.

टॅपिंगचा वेळ सांगितला नाही तर तो २०० मिलिसेकंद धरला जातो. नव्या बोर्डवर स्विच हलके किंवा जड असतील, तर जुना आकडा बोटांना जुळत नाही. आठवडाभर तोच आकडा ठेवून लिहा, मग १० ते २० मिलिसेकंदांच्या पायरीने बदला. पहिल्याच दिवशी छेडू नका.

फाइल चढवणे

दोन भागांमधली टीआरआरएस केबल (हेडफोनसारख्या, पण चार टप्प्यांच्या प्लगची) आधी काढा. ती काढण्याआधी यूएसबी काढलेली असली पाहिजे, हा क्रम कधीही चुकवू नका. टीआरआरएसचा प्लग आत-बाहेर सरकताना त्याचे चारही टप्पे सगळ्या संपर्कांवरून घासत जातात आणि क्षणभर वीजपुरवठा डेटाच्या तारेवर येतो. त्यात कंट्रोलरची पिन जळू शकते. हेडफोनची तीन टप्प्यांची केबल काही बोर्डांवर चालत नाही, म्हणून चार टप्प्यांचीच घ्या.

आता प्रत्येक भाग स्वतंत्रपणे संगणकाला जोडा. आरपी २०४० असेल, तर बूट बटण दाबून धरून केबल लावा. आरपीआय-आरपीटू नावाची ड्राइव्ह उघडते, तिच्यावर यूएफटू फाइल टाका. ड्राइव्ह लगेच नाहीशी होते. मॅकवर ड्राइव्ह नीट काढली नाही असा इशारा येतो, तो सोडून द्या. बोर्ड रीस्टार्ट झाल्याची ती खूण आहे.

प्रो मायक्रोवर घाई असते. रीसेट आणि ग्राउंड या पिना चिमट्याने जोडल्यावर बूटलोडर जेमतेम ८ सेकंद जागा राहतो. म्हणून आधी फ्लॅशची आज्ञा देऊन ठेवा, ती बोर्डाची वाट पाहू लागली, की मग पिना जोडा. काही बोर्डांना दोनदा पटापट टेकवावे लागते. लिनक्सवर परवानगी नाकारली गेली, तर क्यूएमकेसोबत येणारे यूडेव्ह नियम बसवायचे राहिले आहेत. मोडेम मॅनेजर चालू असेल, तर तो हा सीरियल पोर्ट मध्येच पकडतो, तो तात्पुरता बंद करा.

बोर्ड दिसतच नसेल, तर आधी यूएसबी केबल बदला. फक्त चार्जिंगच्या केबलमधून डेटा जात नाही आणि बोर्डावरचा दिवा मात्र लागतो, त्यामुळे शंका तिच्यावर जात नाही.

एकच भाग बदलून आला असेल तर

क्यूएमकेवर दोन्ही भागांत एकाच जातीचा कंट्रोलर हवा. डावीकडे एटीमेगा आणि उजवीकडे आरपी २०४० अशी जोडी चालत नाही. त्यांची आपसात बोलण्याची पद्धत वेगळी आहे. नवा भाग जुन्याशी जुळणारा असला, तरी फाइल दोन्ही भागांवर नव्याने चढवा. आवृत्ती वेगळी राहिली, तर लेयर, दिवे आणि ओएलईडी यांची दोन भागांतली जुळणी बिघडते.

तुमच्या कॉन्फिगमध्ये ईई हँड्स असेल, तर आपण डावा की उजवा हे प्रत्येक भाग आपल्या ईईपीरॉममध्ये लिहून ठेवतो. नव्या भागात ती नोंद नसते. फ्लॅश करताना स्प्लिट लेफ्ट किंवा स्प्लिट राइट हा पर्याय द्या. नाहीतर नवा भाग स्वतःला चुकीच्या हाताचा समजू शकतो.

झेडएमके असेल तर

क्यूएमकेचा कीमॅप इथे चिकटवता येत नाही, लिहिण्याची भाषाच वेगळी आहे. लेयर टॅप, मॉड टॅप, कॉम्बो, मॅक्रो यांना जोडीदार आहेत. सीमध्ये स्वतः लिहिलेली फंक्शने मात्र बिहेवियर वापरून नव्याने मांडावी लागतात.

झेडएमकेवरून झेडएमकेवर जाताना बिल्ड.यामल मध्ये बोर्ड (इथे कंट्रोलर) आणि शील्ड (इथे कीबोर्ड) यांची नावे बदला, गिटहबवर बिल्ड होऊ द्या आणि फर्मवेअरची झिप उतरवा. मग आधी दोन्ही भागांवर सेटिंग्ज रीसेट नावाची फाइल चढवा, त्यानंतर डाव्यावर डाव्याची, उजव्यावर उजव्याची. ही पायरी गाळली, की जुना भाग हरवलेल्या जोडीदारालाच शोधत बसतो आणि नव्या भागाची बटणे मुकी राहतात. झेडएमके स्टुडिओ या बटणे बदलण्याच्या ॲपमधून केलेले बदलही या रीसेटमध्ये पुसले जातात, ते आधी टिपून घ्या. शेवटी संगणक आणि फोन, दोन्हींच्या ब्लूटूथ यादीतून जुना कीबोर्ड काढून नव्याने जोडा.

जुनी बॅटरी नव्या बोर्डवर लावताना धन आणि ऋण टोके बोर्डावरच्या छापाशी ताडून पाहा. कनेक्टर बसतो म्हणजे तारांचा क्रम बरोबर आहे असे नाही.

देवनागरी टाइप करणाऱ्यांसाठी

कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, बटणाचा क्रमांक पाठवतो. क की ा, हे संगणक ठरवतो. इनस्क्रिप्ट ही देवनागरीची मांडणी क्वर्टीच्या, म्हणजे नेहमीच्या इंग्रजी मांडणीच्या, जागांवर बेतलेली आहे. तुमच्या मूळ लेयरवर कोलमॅक ही वेगळी इंग्रजी मांडणी असेल, तर क्वर्टीतल्या केच्या जागेवरून ईचा क्रमांक जातो आणि क ऐवजी काना उमटतो. त्यासाठी साधा क्वर्टी असा एक वेगळा लेयर ठेवा आणि भाषा बदलण्याचे बटण दाबताच तोही बदलेल असे मॅक्रो करा.

चढवल्यावर काही चुकले तर

फाइल नवी, बटणे जुनीच: व्हाया चालू असलेले फर्मवेअर ईईपीरॉममधला कीमॅप आधी वाचते. बूटमॅजिक (केबल लावताना बटण धरून ईईपीरॉम पुसण्याची सोय) असेल तर वरचे डावे कोपऱ्यातले बटण दाबून धरून केबल लावा, किंवा ईईपीरॉम पुसण्याचा कीकोड वापरा. बूटमॅजिकने बोर्ड बूटलोडरमध्ये जातो, तेव्हा नंतर केबल काढून पुन्हा लावा.

एकच बटण मुके: सॉफ्टवेअरमध्ये शोधू नका. स्विच सरळ वर ओढून काढा आणि त्याच्या दोन तांब्याच्या पायांकडे पाहा. हॉटस्वॉप सॉकेटमध्ये (टाका न घालता स्विच बसवायच्या खाचेत) तिरका बसवलेला पाय आत न जाता स्विचखाली दुमडून चपटा होतो. पक्कडीने हळू सरळ करा, खालून सॉकेटला बोटाने आधार द्या आणि पुन्हा बसवा. आधार दिला नाही, तर सॉकेटच बोर्डावरून उखडतो.

अख्खी ओळ किंवा उभी रांग मुकी: आवृत्ती चुकीची निवडली आहे किंवा त्या पिनेचा टाका सुटला आहे. कोरे डीफॉल्ट फर्मवेअर चढवूनही तसेच राहिले, तर तो आमच्याकडचा दोष समजा आणि बोर्ड परत पाठवा.

आम्हाला लिहिताना बोर्डावर छापलेली आवृत्ती, चिपवरचे नाव आणि कीमॅपचा फोल्डर पाठवा. कंपाइल होत नसेल, तर एररच्या यादीतली पहिली ओळ पाठवा, शेवटची नको. बाकीच्या ओळी बहुधा पहिल्या चुकीमुळेच आलेल्या असतात.