एकाच गोळीचे सोबती : दुर्मीळ कर्करोगाचे रुग्ण एकत्र कसे आले

परळच्या टाटा रुग्णालयात बाहेरगावाहून येणारा रुग्ण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत नाहीतर नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात उतरला, की बऱ्याच गोष्टी त्याला तिथेच कळतात. तोंड आलं असताना काय गिळवतं, कुठली तपासणी आधी करून ठेवायची, मदतीच्या अर्जाला कोणते कागद लागतात, हे सांगणारं माणूस शेजारच्या खाटेवरच असतं. जबड्याचा, स्तनाचा किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोग असेल तर आपल्याच आजाराचे चार जण सहज भेटतात. दुर्मीळ कर्करोगाच्या रुग्णाला मात्र त्याच धर्मशाळेत महिनाभर राहूनही आपल्या आजाराचं नाव ऐकलेला माणूस भेटेलच असं नाही.

दुर्मीळ म्हणजे किती? वर्षाला लाख लोकांमागे सहापेक्षा कमी नवे रुग्ण, अशी युरोपातली व्याख्या आहे. असा एकेक आजार विरळा, पण ते सगळे एकत्र धरले तर तिथल्या नव्या कर्करुग्णांपैकी साधारण पाचातला एक त्यांत मोडतो. म्हणजे एकटं पडलेल्यांची संख्या मोठी आहे, फक्त ते एकमेकांना दिसत नाहीत. ते एकमेकांना कसे सापडले, याचा हा मागोवा आहे. त्यासाठी दोन आजार घेतले आहेत. एक, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया म्हणजे सीएमएल, हा रक्ताचा कर्करोग. दुसरा जिस्ट, म्हणजे जठर-आतड्यांच्या भिंतीत होणारी गाठ. हे दोन आजार इमॅटिनिब या एकाच गोळीने जोडले आणि त्या गोळीच्या इतिहासात मुंबईचाही मोठा वाटा आहे.

रुग्णाने रुग्णाला भेटण्याची रीत त्याहून जुनी. १९५२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये टेरीस लॅसर यांची स्तनाची शस्त्रक्रिया झाली. पुढे काय करायचं हे कोणीच सांगेना, म्हणून त्या स्वतःच इतर बायकांना भेटायला जाऊ लागल्या. सोबत एक चेंडू, हात वर न्यायच्या व्यायामासाठी दोरी आणि कपड्यांच्या आत ठेवायचा तात्पुरता कृत्रिम स्तन. अनेक सर्जनांना हे रुचत नसे. पुढे अमेरिकन कॅन्सर सोसायटीनेच तो उपक्रम आपला केला. स्वरयंत्र काढलेल्यांचे, पोटावर पिशवी लावलेल्यांचे गट त्याच काळातले. मुंबईत १९९४ मध्ये वंदना गुप्ता यांनी व्ही केअर फाउंडेशन सुरू केलं, त्याही कर्करोगातून उठलेल्या. पण हे सगळं जमलं ते एका मोठ्या रुग्णालयात एका प्रकारचे पुरेसे रुग्ण असल्यामुळे. जिथे अख्ख्या राज्यात मूठभर रुग्ण, तिथे वॉर्डात फिरून कोणाला भेटणार?

सीएमएलचं मूळ वैद्यकाला बरंच लवकर सापडलं होतं. १९६० मध्ये पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं; शहराच्या नावावरून ते फिलाडेल्फिया गुणसूत्र झालं. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं, की ९ आणि २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यातून तयार होणारं बीसीआर-एबीएल हे प्रथिन पेशींना थांबूच देत नाही. हे कळूनही पुढची पंचवीस वर्षं रुग्णाच्या हाती आलं ते अस्थिमज्जा प्रत्यारोपण, तेही जुळणारा भाऊ-बहीण असेल तर. नाहीतर इंटरफेरॉनची इंजेक्शनं, ज्यांनी रोज ताप भरल्यासारखं अंग मोडून यायचं.

१९९८ मध्ये ब्रायन ड्रकर यांच्या पुढाकाराने त्या प्रथिनालाच अडवणाऱ्या औषधाची चाचणी अमेरिकेत सुरू झाली. पुरेसा डोस मिळालेल्या ५४ पैकी ५३ रुग्णांचे रक्तपेशींचे काउंट पूर्ववत झाले. असा निकाल कर्करोगात कोणी पाहिला नव्हता. ही बातमी नियतकालिकात छापून येण्याआधीच रुग्णांमध्ये पोचली, कारण १९९५ पासून इंटरनेटवर आजारानुसार ईमेलने लिहिणाऱ्यांचे गट तयार झाले होते आणि चाचणीत असलेले लोक आपले रिपोर्ट तिथे लिहीत होते. औषध मात्र कंपनीने मोजकंच बनवलं होतं. बाजार लहान, मग कारखान्यात पैसा कशाला ओतायचा, असा हिशेब. १९९९ मध्ये मॉन्ट्रियलच्या एका तरुण रुग्णाने उत्पादन वाढवा, अशी याचिका फिरवली. तीन हजारांवर सह्या जमल्या आणि ती थेट औषध बनवणाऱ्या नोवार्टिस कंपनीच्या प्रमुखांकडे, डॅनियल वासेला यांच्याकडे गेली. उत्पादन वाढलं, चाचण्या वाढल्या आणि १० मे २००१ रोजी अमेरिकेत इमॅटिनिबला मान्यता मिळाली. एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी हे केलं होतं, हे मला या इतिहासातलं पहिलं मोठं पान वाटतं.

जिस्टची गोष्ट आणखी बिकट होती. या आजाराला वेगळी ओळखच नव्हती; सूक्ष्मदर्शकाखाली तो स्नायूच्या गाठीसारखा दिसे आणि त्याच नावाने फाईल बने. नेहमीची केमो जवळजवळ कोणालाच लागू पडत नसे. १९९८ मध्ये जपानमधल्या हिरोता यांच्या गटाने दाखवलं, की बहुतेक जिस्टच्या मुळाशी किट नावाच्या जनुकातला बिघाड आहे. त्या जनुकातून बनणारं प्रथिनही इमॅटिनिब अडवू शकत होतं. मार्च २००० मध्ये हेलसिंकीत पन्नाशीच्या एका बाईंना ही गोळी दिली गेली आणि दोन आठवड्यांत गाठी आकसलेल्या दिसल्या. त्याच वर्षी बॉस्टन, पोर्टलंड, फिलाडेल्फिया आणि फिनलंड इथे मिळून १४७ रुग्णांची चाचणी सुरू झाली.

या चाचणीतल्या काही रुग्णांचे नातेवाईक एकमेकांना लिहू लागले. त्यातून लाइफ राफ्ट ग्रुप उभा राहिला. २००२ मध्ये न्यू जर्सीत त्याची रीतसर नोंदणी झाली. नॉर्मन शेर्झर यांची पत्नी या आजाराची रुग्ण होती आणि ते स्वतः सार्वजनिक आरोग्यात काम केलेले. त्यामुळे धीर देण्यासोबत नोंदी ठेवणं ओघानेच आलं. कोणाचे डोळे सकाळी सुजतात, कोणाच्या पोटरीत रात्री गोळे येतात, कोणाचा डोस कमी केला आणि पुढच्या स्कॅनमध्ये काय दिसलं. एकेका डॉक्टरसमोर स्वतःकडचे मोजके रुग्ण होते, या कुटुंबांसमोर सगळ्या केंद्रांतले. नव्या औषधाबद्दल जगात जेवढं कळलं होतं, त्यातला मोठा भाग त्यांच्याच वह्यांत होता.

दुर्मीळ आजारात सोबतीचा अर्थ बदलतो, तो इथे. आपण आधारगट म्हणतो तेव्हा पाठीवरचा हात डोळ्यांसमोर येतो. तो हवाच. पण ज्या आजाराचा डॉक्टरलाही फारसा अनुभव नसतो, तिथे रुग्णांचा अनुभव एकत्र करणं हा उपचाराचाच भाग ठरतो. मुलांमधल्या जिस्टने हे पुढे सिद्धच केलं. मुलांना, त्यातही मुलींना, होणाऱ्या जिस्टमध्ये किट जनुक बहुधा शाबूत असतं आणि इमॅटिनिब फारसं चालत नाही. म्हणजे दुर्मीळ आजारातला आणखी दुर्मीळ प्रकार. २००८ मध्ये बेथेस्डा इथल्या अमेरिकी राष्ट्रीय आरोग्य संस्थेत या मुलांसाठी खास क्लिनिक सुरू झालं. त्यामागे रुग्णगटांचा पाठपुरावा होता आणि विखुरलेली कुटुंबं तिथवर पोचली तीही त्यांच्याचमुळे. त्या मुलांच्या नमुन्यांच्या अभ्यासातून २०११ मध्ये कळलं, की यांतल्या अनेकांत एसडीएच या वेगळ्याच जनुकसमूहात दोष असतो. तो घराण्यात चालत येऊ शकतो, म्हणून भावंडांची तपासणीही करावी लागते. ही मुलं एका छताखाली जमली नसती तर हा शोध किती लांबला असता, सांगता येत नाही.

भारतात या गोष्टीला सुरुवातीपासून पैशाची बाजू होती. ग्लिवेक या नावाने आलेली इमॅटिनिबची गोळी महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांना पडे. रोज घ्यायची, न संपणारी. नॅटकोसारख्या भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळे, आणि तेवढेही दरमहा काढणं कित्येक घरांना अशक्यच होतं.

इथे दोन वाटा फुटल्या. पहिली वाट मॅक्सच्या नावाची. मॅक्स हा अर्जेंटिनाचा मुलगा सीएमएलने १९९१ मध्ये सतराव्या वर्षी गेला; त्याच्या कुटुंबाने १९९७ मध्ये अमेरिकेत मॅक्स फाउंडेशन काढलं. नोवार्टिसने ग्लिवेक मोफत द्यायची योजना, जिपॅप, सुरू केली तेव्हा रुग्णांची नोंदणी आणि पाठपुरावा या संस्थेकडे आला. भारतात हे काम विजी वेंकटेश यांनी मुंबईतून उभं केलं. मोफत गोळीसाठी आजाराचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा, डॉक्टरची नोंदणी लागे आणि काही महिन्यांनी सगळं पुन्हा तपासलं जाई. या कागदांच्या निमित्ताने देशभरातले सीएमएल आणि जिस्टचे रुग्ण पहिल्यांदा एका यादीत आले, आणि यादीतली माणसं भेटू लागली तेव्हा फ्रेंड्स ऑफ मॅक्स हा गट तयार झाला. शहरोशहरी त्याच्या बैठका होऊ लागल्या.

दुसरी वाट कोर्टाची. मुंबईचीच, १९६९ मध्ये सुरू झालेली कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था नोवार्टिसच्या पेटंट अर्जाविरुद्ध उभी राहिली. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. पुढे मद्रास उच्च न्यायालय, अपील मंडळ असं होत होत १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतिम निकाल दिला. न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने म्हटलं, की जुन्याच द्रव्याचं नवं स्फटिकरूप परिणामकारकता वाढल्याचं दाखवत नसेल तर पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) नुसार पेटंट मिळणार नाही. कंपनीचं म्हणणं होतं, की भारतात ग्लिवेक घेणाऱ्या बहुसंख्य रुग्णांना आम्ही ते फुकटच देतो. संस्थेचं म्हणणं, की औषध कोणाच्या मर्जीवर असू नये, ते परवडलं पाहिजे. माझा कल निःसंशय दुसऱ्या बाजूला आहे. पण ज्याच्या घरात त्या महिन्याची मोफत डबी आली, त्याच्या लेखी पहिली वाटही तितकीच खरी होती. एकाच आजाराची माणसं, एकाच शहरातून, या दोन्ही वाटांनी चालली हे विसरता कामा नये. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इमॅटिनिब आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

औषध मिळालं म्हणजे काम झालं, असं मात्र नव्हतं. बैठकांत विचारलं जायचं ते ओपीडीच्या पाच मिनिटांत न मावणारं असे. गोळीने मळमळतं, मग घ्यायची कधी? भरल्या पोटी, मोठा ग्लासभर पाण्यासोबत, हे डॉक्टरही सांगतात. पण रात्रीच्या जेवणाबरोबर घेतली तर सकाळची बस सोसते, हे रोज प्रवास करणारा सांगतो. या गोळीने काहींची त्वचा उजळते, कारण किट हे प्रथिन रंगपेशींनाही लागतं. आपल्याकडे मग लोक कौतुक करतात, ‘काय लावतेस?’ म्हणून विचारतात, आणि आजार लपवून ठेवलेल्या मुलीला उत्तर सुचत नाही. पाश्चात्त्य देशांत सीएमएल बहुधा साठीच्या आसपास होतो, आपल्याकडे तिशी-चाळिशीत. साहजिकच इथले प्रश्न स्थळं बघताना सांगायचं का, मूल हवं असेल तर काय, असे असतात. गर्भारपणात ही गोळी चालत नाही. त्यामुळे ती कधी थांबवायची, तोवर आजार किती आटोक्यात हवा, हे सगळं आधी ठरवावं लागतं. या वाटेने गेलेली एखादी ताई समोर बसलेली असली, की पुढच्या भेटीत डॉक्टरांना काय विचारायचं ते तरी उमगतं.

सगळ्यांत अवघड निघालं ते रोज गोळी घेणं. बरं वाटू लागलं की माणूस विसरतो, एखादी वाचवतो, सणावाराला सोडतो. बेल्जियममधल्या २००९ च्या पाहणीत लिहून दिलेल्या सगळ्या गोळ्या घेणारे शंभरातले जेमतेम चौदा निघाले. पुढच्याच वर्षी लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयाने ८७ रुग्णांचा हिशेब मांडला. नव्वद टक्क्यांहून जास्त गोळ्या घेतलेल्यांपैकी सुमारे ९४ टक्के जणांत आजार रेणूच्या पातळीवर खूप खाली गेला होता. त्याहून कमी घेतलेल्यांत फक्त २८ टक्के. डॉक्टरला ‘हो, घेतो’ असं सांगणारा माणूस आपल्यासारख्याच दुसऱ्याजवळ मात्र कबूल करतो, की मागच्या महिन्यात आठ राहिल्या. म्हणून फ्रेंड्स ऑफ मॅक्ससारख्या गटांनी गोळी न चुकवणं हाच बैठकांचा मुख्य विषय केला. २०११ पासून २२ सप्टेंबर हा जागतिक सीएमएल दिन पाळला जातो, नवव्या महिन्याची बावीस तारीख, त्या दोन गुणसूत्रांवरून. तो रुग्णगटांनीच ठरवला.

आता बैठकांतला प्रश्न उलटा झाला आहे : गोळी कधी बंद करता येईल? २०१० मध्ये फ्रान्समधल्या अभ्यासाने दाखवलं, की दोन वर्षांहून अधिक काळ चाचणीत आजाराचा मागमूस नसलेल्यांनी गोळी थांबवली तर साधारण चाळीस टक्के जणांत वर्षभरानंतरही तो परतत नाही, आणि परतलाच तर बहुधा पहिल्या सहा महिन्यांत, गोळी सुरू केल्यावर पुन्हा आटोक्यात येणारा. पण त्यासाठी सुरुवातीला दर महिन्याला बीसीआर-एबीएलची पीसीआर तपासणी लागते, तीही भरवशाच्या प्रयोगशाळेत. गोळी मोफत किंवा स्वस्तात मिळवणाऱ्या अनेकांना ही तपासणी खिशातून करावी लागते. त्यामुळे थांबवण्याच्या स्थितीत असलेले कितीतरी जण आजही गोळी चालूच ठेवतात, आणि कोणत्या प्रयोगशाळेत सवलत मिळते याचे निरोप एकमेकांना पाठवत राहतात.