निर्बंधप्रेरित हालचाल उपचार

पक्षाघातानंतर दुर्बल झालेल्या हाताचा वापर वाढावा म्हणून धडधाकट हातावर ठरावीक काळ निर्बंध घालून दुर्बल हाताकडून कसून सराव करून घेण्याची पुनर्वसन पद्धती. ती अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाउब यांच्या माकडांवरील प्रयोगांतून विकसित झाली. हाताकडून येणाऱ्या संवेदनांच्या चेता (मज्जातंतू) छेदल्यावर, हालचालीच्या चेता शाबूत असूनही, माकड तो हात वापरेनासे होई. मात्र दुसरा हात बांधला की त्याच संवेदना गमावलेल्या हाताने खाद्य उचलू लागे. आरंभीच्या अपयशामुळे हात न वापरण्याची सवय जडते, आणि पक्षाघाताच्या रुग्णांतही काही अंशी हेच घडते, असा निष्कर्ष टाउब यांनी काढला.

मूळ पद्धतीत रुग्ण २ आठवडे जागेपणीच्या सुमारे ९० टक्के वेळात चांगल्या हातावर जाड मोजा घालतो आणि कामकाजाच्या दिवशी ६ तासांपर्यंत सराव करतो. अंघोळ करताना किंवा तोल जाण्याची भीती असेल तेव्हा मोजा काढला जातो. पेला उचलणे, बटण लावणे, वाटीतले दाणे वेचणे अशी कामे रुग्णाला जेमतेम जमतील इतकीच अवघड ठेवून पायरीपायरीने वाढवली जातात. पद्धतीचे नाव निर्बंधावरून पडले असले, तरी तिचे खरे बळ या सरावात आणि तो घरच्या कामांत उतरवण्यात आहे. म्हणूनच कुटुंबीयांनाही समजावून सांगावे लागते. मायेपोटी प्रत्येक घास भरवला गेला, तर हात न वापरण्याची सवयच पक्की होते.

पक्षाघाताला ३ ते ९ महिने झालेल्या २२२ रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत या पद्धतीने हाताचे कार्य अधिक सुधारले व तो लाभ वर्षभरानंतरही टिकून होता. याउलट, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ५२ रुग्णांच्या चाचणीत, पक्षाघातानंतर लवकरच दिलेल्या अधिक तीव्र सरावाने ९० दिवसांनंतर कमी सुधारणा दिसली. त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत सरावाची मात्रा बेताने ठरवावी लागते.

मनगट सुमारे २० अंश आणि बोटे १० अंश स्वतःहून मागे वळवता येणे ही सहभागाची रूढ अट असल्याने पूर्ण लुळा हात असलेले रुग्ण या पद्धतीबाहेर राहतात, आणि ही तिची सर्वांत मोठी मर्यादा आहे. अशांसाठी आरसा-उपचार उपयोगी पडू शकतो. त्यात दुर्बल हात आरशामागे ठेवून चांगल्या हाताचे प्रतिबिंब पाहत दोन्ही हात हलवण्याचा प्रयत्न केला जातो. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी हात गमावलेल्यांच्या आभासी वेदनांसाठी, म्हणजे नसलेल्या हातात जाणवणाऱ्या वेदनांसाठी, ही युक्ती योजली होती. पक्षाघातात तिचा वापर १९९९ च्या सुमारास सुरू झाला.